डाव्या हातावरचा मासा

४ जानेवारी

पोचले एकदाची. दोन बॅगा, मशीनची पेटी आणि आईनं जबरदस्तीनं कोंबलेली रजई, एवढाच संसार. खोली टॅटूच्या दुकानाच्या डोक्यावरच आहे, त्यामुळे कामावर जायचं म्हणजे जिना उतरायचा. उशीर झाला असं सांगायची सोयच उरली नाही. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची पाठ दिसते आणि दिवसभर गरम इस्त्रीचा वास येतो. मला तो चक्क आवडला.

मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. पन्नाशी उलटलेली, केस बारीक कापलेले, दोन्ही हात खांद्यापर्यंत गोंदलेले. त्यांनी आधी माझी बोटं थरथरतात का ते पाहिलं. मग म्हणाल्या, चहा कमी कर, बाकी चालेल.

आईला फोन केला. ती अजून पाहुण्यांना सांगते की मी डिझाइनमध्ये आहे. माझं टॅटूचं काम तिला आवडत नाही, पण जेवलीस का हे विचारल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

एकूण बरं वाटतंय. भिंतीला पिवळा रंग द्यावा म्हणते.

८ जानेवारी

आज राखेचं काम पहिल्यांदा पाहिलं. ताईंचं नाव त्यासाठीच आहे. लोक लांबून येतात, कुणी बरणीत तर कुणी रुमालात आपलं माणूस घेऊन. ताई राख आधी भट्टीत तापवतात, मग खलात घोटतात, बारीक जाळीतून चाळतात आणि त्यातली चिमूटभर शाईत घालतात. उरलेली सगळी परत देतात. शाईचा रंग बदलत नाही, सुईला फरक कळत नाही. फरक पडतो तो खुर्चीत बसलेल्या माणसाला.

मला वाटलं होतं, रडारड असेल. पण एका टॅक्सीवाल्यानं पोटरीवर वडिलांच्या मिशा काढून घेतल्या. चेहरा नको, फक्त मिशा. वडील आयुष्यभर मिशांच्याच जोरावर घर चालवत होते म्हणाला. आम्ही तिघंही इतके हसलो की ताईंना मशीन बंद करावं लागलं.

१३ जानेवारी

दुपारी एक काकू आल्या. नीट विंचरलेले केस, इस्त्रीची साडी, हातात स्टीलचा डबा. डब्यात त्यांची मुलगी होती.

ताईंनी त्यांचा हात उजेडात धरून पाहिला आणि नको म्हणाल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि कातडी कांद्याच्या सालीसारखी झालीय. सुई लावली तर रक्तच थांबायचं नाही. काकूंनी वाद घातला नाही. डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या, आणि मग मला माझं वय विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या मुलीचंही तेवढंच होतं.

जाताना दाराशी त्यांनी माझं मनगट हलकेच धरलं. म्हणाल्या, तुझ्या हातावर काढशील का तिला? मी रोज येऊन बघून जाईन, बाकी काही नको.

ताईंनी माझ्याआधीच नाही म्हणून टाकलं. राख ज्याच्या घरची, त्याच्याच अंगावर. काकू गेल्या, पण माझं मन काही कामात लागेना.

१६ जानेवारी

केलं. ताई जेवायला गेल्या होत्या, तेवढ्या वेळात.

का केलं, ते लिहिता येत नाही नीट. काकू आज पुन्हा समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या, उन्हात, डबा छातीशी धरून. आपल्या आईची आठवण यावी असं काही त्यांच्यात नाही, तरी आली. डब्यातली चिमूटभर राख चाळून शाईत घातली. माझ्याच डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर. मुलगी लहानपणी वहीत मासे काढायची, त्यातलाच एक काकूंनी आणला होता. अंगठ्याएवढा, गोल डोळ्याचा, तोंड तळव्याकडे. काकू शेजारी बसून बघत होत्या. शेवटची रेघ झाल्यावर त्यांनी माशावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, आलीस गं बाळा.

अंगावर काटा आला. पण तो मायेचाच असेल.

१९ जानेवारी

काकू रोज येतात. घरचा डबा आणतात, मी जेवेपर्यंत बसतात, हात हातात घेतात. माझे केस मोकळे असले तर त्यांना आवडत नाही. आज त्यांनी स्वतःच वेणी घालून दिली, ओढून, घट्ट. मी लहान मुलीसारखी बसून राहिले. खरं सांगायचं तर इतकं कुणी विचारत नाही या गावात.

ताईंना कळलंच. ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मासा बराच वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, तू हा मनगटाजवळ काढला म्हणालीस ना?

मनगटाजवळच काढला होता. आता तो जवळजवळ हाताच्या मध्यावर आहे. ताई म्हणाल्या, सूज उतरली की असं वाटतं. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

२२ जानेवारी

सूज नाही. मापून पाहिलं नाही, मापायची गरजच नाही. तोंड आता कोपराकडे आहे. मी तळव्याकडे तोंड करून काढला होता, माझ्या हातानं काढलेलं मला कळत नाही का?

काकू यायच्या आधी हात खाजायला लागतो. जिन्यावर त्यांची चप्पल वाजते, त्याच्याही आधी. आणि श्वास अडकतो, वरच्या वर राहतो, खाली उतरतच नाही. मला दमा नाही. घरात कुणालाच नाही.

ताई उद्या बहिणीकडे जातायत, तिच्या मुलीचं बाळंतपण आहे. दुकान आठवडाभर बंद. मला म्हणाल्या, तूही घरी जाऊन ये. जाईन म्हटलं. पण आधी काकूंना सांगायला हवं, तसंच निघून जाणं बरं दिसत नाही.

२४ जानेवारी

काकूंच्या घरी जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. मी घरी जातेय हे सांगितलं तेव्हा त्या कपडे घडी करत होत्या. घडी करतच राहिल्या. म्हणाल्या, तीही असंच म्हणाली होती. दुसऱ्या गावात नोकरी लागली म्हणून. एवढा दमा असलेल्या मुलीला कोण पाठवेल परगावी?

मग तिची खोली दाखवली. पलंग, टेबल, जाळीची खिडकी. सगळं चांगलं होतं. फक्त कडी बाहेरून होती. आतून काही नाही, बाहेरून मात्र जाड, झिजून चकचकीत झालेली. मी कडीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. वाऱ्यानं दार आपटतं, म्हणाल्या.

खाली उतरताना पहिल्या मजल्यावरच्या शिंप्यानं हटकलं. कुणाकडे गेला होतात म्हणून विचारलं. मग आवाज खाली आणून सांगितलं, की शेवटच्या दिवशी पोरगी दार वाजवत होती. बराच वेळ. तिचा दम्याचा पंप बाहेर, टेबलावर होता म्हणतात. आई भाजी आणायला गेली होती.

आता कळलं. मला वाटत होतं, ती आईला बघून माझ्या हातात हलते, आईकडे जायला. तसं नाही. ती पळतेय.

२५ जानेवारी

दंडावर आलाय.

सकाळी बॅग भरली. गाडी दुपारची होती. जिना उतरायच्या आतच श्वास गेला, पायरीवरच बसले. छातीत कुणीतरी दार आपटतंय असं. डोळ्यांपुढे अंधारी. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं, सावकाश, ओळखीनं. मला वाटलं आई.

आई नव्हती.

रिक्षातलं थोडं आठवतं. काकू रिक्षावाल्याला सांगत होत्या, मुलगी आहे माझी, हिला असं होतं अधूनमधून.

२६ जानेवारी, सकाळ

पलंग, टेबल, जाळीची खिडकी.

दार ढकलून पाहिलं. बाहेरून लावलंय. वही पर्समध्ये होती म्हणून लिहितेय. फोन पर्समध्ये नाही.

काकू दाराशी येऊन बोलतात. रागावत नाहीत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय म्हणे. कोणत्या डॉक्टरांनी? मी विचारलं. त्या दाराला टेकून बसल्या असाव्यात, साडी घासल्याचा आवाज आला. म्हणाल्या, "या वेळी मी तुझा पंप तुझ्याजवळच ठेवलाय. टेबलावर बघ."

आहे टेबलावर. निळा, जुना. मी वापरला. वापरता आला, कुणी न शिकवता.

खांद्यावर आहे मासा. वर सरकतोय.

त्याच दिवशी, दुपार

ओरडले. खिडकीतून. खाली कुणी मान वर केली नाही. शिंप्याचं मशीन चालू होतं, चालूच राहिलं.

गळपट्टीच्या हाडावर. चढताना दुखत नाही, थंड लागतं फक्त — ओल्या बोटासारखं. ती मला काही करत नाहीये, हे कळतं. तिला वाट हवीय. हाताला वाट नाही, म्हणून — गळ्याला आहे.

२७ जानेवारी

माझा फोन वाजला. बाहेर. आई असणार, या वेळेला तीच —

काकूंनी उचलला. गोड बोलत होत्या. बरी आहे, जेवली, झोपलीय. मी दारावर मुठी आपटल्या. मग काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, फोन स्पीकरवर टाकून दाराशी धरला. आईचा आवाज आला, काळजीतला, हॅलो हॅलो म्हणणारा. मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. आई, मी इथं आहे, मला घेऊन जा.

आवाज माझा नव्हता.

बारीक, घोगरा, धाप लागलेला. माझे शब्द, पण आवाज — पलीकडून आईनं विचारलं, "ही कोण बोलतेय? माझी मुलगी कुठंय?"

मी परत ओरडले. परत तोच आवाज. आई म्हणाली, ही माझी मुलगी नाही, तिला फोन द्या. आणि फोन —

दाराबाहेर काकू रडत होत्या. आनंदानं. देवा, तिचा आवाज, तिचाच आवाज, म्हणत होत्या.

पुन्हा फोन वाजला. त्यांनी घेतला नाही. मग वाजायचा बंद झाला. बंदच केला असेल.

दुपारनंतर

खोकला. थांबेना. मासा गळ्यात होता, आतून, मला कळत होता, वळवळत — तोंडावर हात धरला. तळहातावर काळं काहीतरी पडलं. ओलं, चिमूटभर. जोंधळ्याच्या दाण्याएवढंही नाही. बघता बघता सुकलं, राखाडी झालं.

खिडकीजवळ उभी होते. वारा नव्हता. तरी ते उडालं. जाळीतून नीट, बरोबर एका भोकातून, बाहेर गेलं. घाईत.

खिडकीच्या काचेत गळा पाहिला. कोरा आहे. खांदा, दंड, हात. कुठंच नाही. एक रेघ नाही. जणू मी कधी —

गेली ती. सुटली.

मी हाक मारून पाहिली, हळू, स्वतःपुरती. स्वतःचं नाव घेतलं.

आवाज तिचाच. धापही तिचीच. हे ती इथंच ठेवून गेली. पंप संपलाय, हलवला तरी —

काकूंनी कडी काढली. दारात उभ्या आहेत, हातात कंगवा. हसतायत. वेणी घालू या म्हणतात. मी सांगितलं, ती गेली, खिडकीतून गेली, मी दुसरीच आहे, बघा, हात बघा. त्यांनी ऐकलं, मान डोलवली, आणि म्हणाल्या, असं बोलू नये बाळा, आईपाशी

वही मागतायत. मी नाही देणार. मी माझं नाव लिहून ठेवते आधी, कुणाला सापडली तर कळावं, माझं नाव आहे