टोपी म्हणून सांगितलं

२ मे
सिलिकॉनचा पॅड परत डब्यात टाकला. दिवसभर घाम, खाली पुरळ, आणि वजन असं की खांदा ओढला जातो. डावा स्तन काढला तेव्हा रडले नाही, या पॅडवर मात्र रडू आलं. १५ जूनला शाळा सुरू. आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला आणि हे सरकलं तर? नाही जाणार. राजीनामा देईन. गुरुदत्तला अजून बोलले नाही. नवऱ्याला हे कसं सांगायचं?

केमोच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या होत्या — सुती दोऱ्याने गोल विणायचं, आत कापूस भरायचा, हलकं होतं. पण मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही.

५ मे
मुद्दाम उल्हासनगर गाठलं. अंबरनाथमध्ये निम्म्या दुकानांत माझेच जुने विद्यार्थी. ईश्वरी आंटींच्या लोकरीच्या दुकानात शिरले. "मे महीने में बुनाई? किसके लिए?" भाचीच्या बाळाला टोपी — तोंडातून निघून गेलं. आंटी म्हणाल्या, "बैठो. वैसे भी कौन आता है गर्मी में."

११ मे
सुलट टाका जमतो. उलट नाही. टाक्याला आंटी फंदा म्हणतात. मी इतका घट्ट ओढते की सुईच आत जात नाही. "गुस्सा किस पे है?" आंटींनी विचारलं. काय सांगू!

१८ मे
मधला टाका सुटला, खाली शिडी झाली. आंटींनी शांतपणे सगळं उसवलं. मी पोरांची गणितं खोडते तेव्हा त्यांना असंच होत असणार.

२३ मे
आज टोपीचा शेंडा. दोन टाके एकत्र घ्यायचे, म्हणजे घेर कमी होत जातो. अरे, हे तर गणितच! इथे मात्र मी आंटींच्या पुढे.

१ जून
घरी टोपीसारखंच, पण छोटं विणून कापूस भरला; पॅडचा पहिला नमुना झाला. शेंड्याला भोक, त्यातून कापूस डोकावतोय. आरशासमोर लावून बघितला आणि हसूच फुटलं. ऑपरेशननंतर आरशासमोर पहिल्यांदा.

९ जून
दुसरा चांगला जमला. ब्रामध्ये आतून कप्पा शिवला. गुरुदत्तला खोलीत बोलावलं, भिंतीवर हात उंच करून लिहिल्यासारखं केलं. "हललं का काही?" "तूच हलतेयस," म्हणाला. मग चष्मा पुसत बसला. राजीनाम्याचंही सांगून टाकलं. "वेडी आहेस," एवढंच.

१५ जून
गेले! फळा वरपासून खालपर्यंत भरला, पुसला, परत भरला. मागच्या बाकावरची जिज्ञासा म्हणाली, "बाई, अक्षर लहान काढा ना, जागा उरत नाही." बाकी कोणाला काही दिसलं नाही. घरी येऊन पंख्याखाली पाय पसरून बसले. सुटले बाई.

१६ जून
पेढे घेऊन आंटींकडे. "टोपी की फोटो दिखा." खोटं बोलायचा कंटाळा आला. पर्समधून तो भोकवाला काढून हातात दिला, सगळं सांगितलं.

आंटींनी शटर अर्धं ओढलं. पाठमोऱ्या झाल्या, ब्लाउजमध्ये हात घालून घडी केलेला रुमाल काढला, काउंटरवर ठेवला. "बीस साल. बहू को भी नहीं मालूम."

मग सुया उचलल्या. "बता, कितने फंदे डालूँ?"