ऐंशीव्या दिवसाचे बटाटे

वारजे, १२ डिसेंबर २००४

प्रिय द्वारका,

बटाट्यांची गोणी पोचली. माझ्या नव्या घराची तू आठवण ठेवलीस, आणि मी पाच वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. कोणत्या तोंडाने लिहिणार होते?

सदाशिव पेठेतली आपली खोली आठवते ना? तुझ्या प्रबंधासाठी दर दहा दिवसांनी कॉलेजच्या शेतातून बटाटे उपटायचे आणि साखर, स्टार्च मोजायचं. घरमालकीण मालनबाई विचारायच्या, एवढे बटाटे उकरता, भाजी कधी करणार? तू हसून त्यांना समजावायचीस की बटाटा पोसतो तसं त्यातलं पाणी आणि साखर घटते, स्टार्च भरतो. कोवळा तळला तर साखरेनं काळा पडतो. मला ते तेव्हाच पाठ झालं होतं गं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

लागवडीनंतरच्या ऐंशीव्या दिवशी तू तापानं फणफणली होतीस. एवढा एक दिवस तू जा, म्हणालीस. त्याच सकाळी माझा कॉम्प्युटर कंपनीत इंटरव्ह्यू होता. दोन हजार साल तोंडावर आलेलं, कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायला दिसेल त्याला घेत होते. मी तिकडे गेले आणि संध्याकाळी रजिस्टरात मागच्या वर्षीचा त्याच दिवसाचा साखरेचा आकडा उतरवला. तू पांघरुणातूनच खाली सही केलीस.

त्या वर्षी पीक उशिरा पोसलं होतं. आपला आकडा बघून तुझ्या गाईड सरांनी वेफर्सवाल्यांना शेजारचा प्लॉट काढायला सांगितलं आणि त्यांचा सगळा माल काळा पडला. सरांनी रजिस्टर आपल्यापुढे आपटलं, तेव्हा मी नखं बघत उभी राहिले. तू एवढंच म्हणालीस, "सही माझी आहे, सर." तुझा प्रबंध गेला, तू मंचरला परतलीस. मी पुढच्या सोमवारी नोकरीवर रुजू झाले. तुला काही कळलं नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले.

गोणीच्या तळाशी तुझी चिठ्ठी सापडली. 'नव्वद दिवसांचे आहेत, निर्धास्त तळ. त्या दिवशी तू शेतात गेली नव्हतीस, हे तुझ्या चिखल न लागलेल्या कोरड्या चपलांवरूनच कळलं होतं.' काचऱ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. काल सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, लिहून दे. आधी तुला लिहिलं असतं, तर त्यांच्याकडे जायचा धीर झाला नसता. विद्यापीठ काय करेल, देव जाणे. लिहून दिलेल्या कागदाची प्रत सोबत आहे. खाली सही माझी आहे.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
पूर्वा