दिवाणाच्या पेटीतलं कासव

अण्णा, आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सध्या एक कासवाचं पिल्लू आहे. तळहाताएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, रानात फिरणाऱ्या जातीचं. आलं तेव्हा नाकातून बुडबुडे येत होते आणि मान उचलत नव्हतं. वनखात्याला लगेच कळवलं. ते म्हणाले, श्वास सुधारेपर्यंत तुमच्याकडंच असू द्या, मग आम्ही नेतो. म्हणजे जगवायचं माझ्यावर आलं. माझी सगळी नोकरी म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांत गेली. कासवासाठी पुण्याच्या एका डॉक्टरांना फोन करावा लागला. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढं शिकून शेवटी दुसऱ्यालाच विचारायचं.

काचेची टाकी नको, असं ते डॉक्टर म्हणाले. आरपार दिसतं म्हणून कासव दिवसभर काचेला धडका देतं. मग जुन्या दिवाणाची लाकडी पेटी घेतली. तळाला चार बोटं कोरडी माती आणि नारळाचा भुसा. एका टोकाला पिवळा बल्ब, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतो तसा, आणि त्याच्याशेजारी उन्हाचं काम करणारा दुसरा, सोलापूरहून मागवलेला. दुसरं टोक मुद्दाम गार ठेवलं, तिथं फुटक्या माठाचं खापर पालथं घातलं. तापलं की ते आपलं आपण सावलीत जातं. पहिल्या दिवशी मी बल्ब फार खाली टांगला होता, पाठीला हात लावला तर चटका बसला, मग दोरी वर घेतली. खायला हरळी, घोळ, जास्वंदीची पानं. पाणी कुंडीखालच्या उथळ ताटलीत, हनुवटी वर राहील एवढंच.

आपल्या विहिरीला पाणी किती होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अजून डोळ्यांसमोर आहे: मी पाचवीत आहे. तामलवाडीच्या रानात नवीन विहिरीला पाणी लागलंय आणि तुम्हाला बांधावर असलंच एक कासव सापडलंय. विहिरीत कासव सोडलं की पाणी निर्मळ राहतं, हे सगळ्या गावाला माहीत. आई त्याला हळदकुंकू लावते. मी त्याचे पाय बघते, जाड, खुंटासारखे, बोटांत पडदा नाही. मी म्हणते, "अण्णा, ह्याला पवता येत न्हाय."

तुम्ही चारचौघांत हसता. "कासवाला पवायला तू शिकवतीस व्हय? गप ऱ्हा."

चौथ्या दिवशी मी पाणी शेंदायला गेले तेव्हा ते उताणं तरंगत होतं. पोहऱ्यात घेतलं, बोरीखाली पुरलं आणि घरी काही बोलले नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी भाजीची देठं विहिरीत टाकत राहिलात. पाहुण्यांना सांगायचात, "आमचं कासव तळाला असतंय. लई समजूतदार हाय." मी तिथंच उभी असायची.

हे पिल्लू घेऊन आला तो नळदुर्गजवळचा एक ढाबेवाला, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाचा. ट्रकखाली येतील म्हणून त्यानं रस्त्यावरून दोन पिल्लं उचलली आणि ढाब्यामागच्या सिमेंटच्या टाकीत सोडली. "एक अशक्त निघालं मॅडम. दुसरं खुशाल हाय, तळाला जाऊन बसलंय."

माझ्या तोंडात "बरं" आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. पण हा माणूस उद्या तिसरं पिल्लू उचलणार आणि पुन्हा टाकीतच सोडणार, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "काका, ते मेलंय. ही जमिनीवरची जात, हिला पोहता येत नाही. तुम्ही वाचवायला गेलात, पण ते टाकीतच बुडालं."

आता हा माझ्यावर ओरडणार, असं मला वाटलं. तो बाकावर बसला, टॉवेलनं तोंड पुसलं. "म्हंजी म्याच मारलं म्हणा की." मग विचारलं, "ह्याचं सांगा. ह्याला काय काय लागतंय?"

दिवाणाची पेटी त्याचीच. दुपारी टेम्पोत घालून आणली, आतल्या कडा कानशीनं घासून, पिल्लाला लाकडाचं कुसळ टोचू नये म्हणून. आता रोज सकाळी हरळी घेऊन येतो आणि ताटलीत बोट बुडवून पाणी किती आहे ते बघतो.

आज बुडबुडे थांबले. पिल्लानं जास्वंदीचं पान पायाखाली दाबलं आणि ओढून ओढून खाल्लं. परवा वनखातं नेईल. ते जगलं याचा मला फार आनंद झाला, आणि तेवढ्यात तुमच्यावर, आणि मग स्वतःवर, राग आला.

हे पत्र टेबलाच्या खणातच राहणार, म्हणून लिहून टाकते. मी आजवर समजत होते की तुमचं मन राखायला मी गप्प राहिले. तसं नव्हतं, अण्णा. सुरुवातीला मार बसेल अशी भीती होती. पुढं मात्र तुम्ही देठं टाकायला विहिरीवर वाकलात की मला बरं वाटायचं. घरात सगळं तुम्हालाच कळायचं, आणि ही एक गोष्ट फक्त मला कळत होती. त्या ढाबेवाल्याला खरं ऐकून घ्यायला पाच मिनिटं लागली. तुम्हीही ऐकून घेतलं असतं कदाचित. तेवढी पाच मिनिटं मी तुम्हाला शेवटपर्यंत दिली नाहीत.