मादामच्या गालावरचं व्हार्निश

३ मार्च

आजपासून नोकरी सुरू! नागपूरहून शिकायला आले, तेव्हापासून याच दिवसाची वाट बघत होते. इंग्लंडमधल्या श्रूजबरीजवळचं छोटं खासगी म्युझियम, वर्कशॉपला मोठी उत्तरेकडची खिडकी, आणि टेबलावर माझं पहिलं स्वतंत्र काम: सतराशे साठच्या सुमाराचं, पॅरिसच्या एका बड्या घरच्या बाईंचं पोर्ट्रेट. निळं रेशीम, पावडर लावलेले केस, हातात मिटलेला पंखा. वरचं जुनं व्हार्निश पार पिवळं पडलंय. काडीला गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं ते हळूहळू काढायचं. माझी बॉस प्रीता इथेच जन्मलेली. तोडक्या मराठीत म्हणाली, काम आवडलं तर व्हिसाचं बघू.

५ मार्च

डावा गाल साफ केला. खाली देवीचे वण निघाले! बारीक, खोल, चित्रकारानं काही लपवलं नव्हतं. फोटो काढलेत. उद्या प्रीताला दाखवीन.

६ मार्च

गाल पुन्हा पिवळा. गुळगुळीत. प्रीता म्हणाली, "दीक्षा, यू हॅवन्ट स्टार्टेड?" फोन उघडला, तर फोटोतही पिवळाच.

१० मार्च

चौथ्यांदा तोच गाल. संध्याकाळी साफ, सकाळी होता तसा. चिडून बाथरूममध्ये रडले. घरी सगळं ठीक आहे ना, असं प्रीतानं विचारलं. मला सहानुभूती नकोय. माझं ऐका तरी कुणी!

११ मार्च

आज जेवायला गेलेच नाही, चित्रासमोर बसून राहिले. एकच्या सुमाराला पिवळेपणा आला. बाहेरून नाही, आतून. कुणीतरी बोटानं सारवावं तसा, एकेका वणावरून. चित्रातला पंखा खाली पडला होता. बाईंचा हात जागेवर नव्हता.

१२ मार्च

प्रीताला सांगितलं. ती म्हणते, सुट्टी घे. शुक्रवारपर्यंत गाल साफ दिसला नाही तर चित्र दुसऱ्या कुणाला देणार. मग व्हिसा—

१४ मार्च

चित्रातल्या बाईला वण दिसू द्यायचे नाहीत. कळतं मला. पण मी काय करू?

जहाल द्रावण घेतलं. मी पुसते, ती सारवते. परत पुसते—

काडी अडकली. आतून धरलीय. डाव्या हातानं लिहितेय. प्रीता पलीकडच्या टेबलाशी, कानांत हेडफोन. ओरडले. मान वर केली नाही तिनं.

काडी गेली आत. आता माझी बोटं— थंड— ओलं—

चित्रातून तिचा दुसरा हात बाहेर येतोय, माझ्या तोंडाकडे. प्रीता, एकदा तरी इकडे ब—