नाडीचं यंत्र आणि इतर मालमत्ता

मी, गुरुदत्त माधव ठोंबरे, मूळचा नागपूरचा, हल्ली राहणार रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, निवृत्त सॉफ्टवेअर इंजिनिअर, हे इच्छापत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत, पण कायद्याला त्याची गरज नाही. वकीलबाईंनी इंग्रजी प्रत केली आहे. ही मराठी प्रत माझी मुलगी वल्लरी हिच्यासाठी. तिला मराठी वाचता येतं, जरा सावकाश.

१. राहतं घर वल्लरीची मुलगी आन्या हिला मिळावं. मागचं सफरचंदाचं झाड माझी पत्नी कै. पद्मिनी हिने लावलेलं आहे, ते तोडू नये. फळं आंबट असतात, पण लोणच्याला चालतात.

२. बँकेतली शिल्लक नागपूरला माझी बहीण कांचन हिला द्यावी. 'अमेरिकेत जाऊन माणूसघाणा झालास' असं ती मला भर लग्नात म्हणाली होती. तरीही द्यावी.

३. डॉ. एडमंड हार्विल यांच्याविषयी मी जमवलेली पुस्तकं आणि कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावेत. महाराष्ट्र मंडळाला काहीही देऊ नये. हार्विलांवरच्या माझ्या भाषणाला त्यांनी बटाटेवडे आणि लकी ड्रॉ यांच्या मधली जागा दिली, आणि वडे गरम होते.

हार्विल हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, इंग्लंडातल्या एका गिरणगावचे डॉक्टर. छातीत धडधडतं म्हणणाऱ्या कामगार बायकांना बाकीचे डॉक्टर मनाचे खेळ म्हणून घरी पाठवत. हार्विल त्यांच्या मनगटाला एक छोटं यंत्र बांधत. नाडीबरोबर सुई हले आणि दिव्याच्या काजळीने काळ्या केलेल्या कागदी पट्टीवर पांढरी रेघ उमटे. त्या रेघांवरून त्यांनी या बायकांचे आजार खरे असल्याचं दाखवलं. पुढे स्वतःची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचीही नाडी ते रोज घेत राहिले. लोक म्हणाले, काय हा दगड माणूस! मला तसं कधीच वाटलं नाही.

४. तसलंच एक यंत्र मी लिलावात घेतलं होतं. तेही ग्रंथालयाला द्यावं. या यंत्रापायीच आमच्या घरात बिनसलं. पद्मिनी शेवटच्या दुखण्यात असताना मी रोज संध्याकाळी तिच्या मनगटाला ते बांधून बसत असे. वल्लरी एकदा कडाडली, "स्टॉप इट, बाबा! शी इज नॉट युअर रिसर्च!"

"असू दे गं," पद्मिनी म्हणाली, "बसू दे त्यांना."

वल्लरीने ऐकून घेतलं नाही. आईचं सगळं आटोपल्यावर ती टेक्ससला, अर्विंगला परत गेली, ती पुन्हा या घरात आलेली नाही. फोन करते, तेव्हा इथल्या पावसाची चौकशी करते.

वल्लरी, तुला हे पटेल की नाही ठाऊक नाही. तुझ्या आईचा हात मी चारचौघांत कधी धरला नाही, तुझ्यासमोर तर नाहीच. आमच्यात तशी रीत नव्हती, आणि मोठेपणी नवीन रीत शिकायची लाज वाटली. यंत्र बांधलं की मनगट धरून बसावंच लागतं. मला तेवढंच हवं होतं. अजूनही संध्याकाळ झाली की मला तिची फार आठवण येते, आणि तुझीही. तिच्या नाडीच्या पट्ट्या माझ्याबरोबर अग्नीला द्याव्यात.

५. माझी मुलगी वल्लरी हिला मी काहीही ठेवलेलं नाही. एक चमचासुद्धा नाही.

रागावू नकोस, पुढे वाच. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार असेल त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. आणि साक्षीदाराने माझ्यासमोर बसून सही करायची असते. ईमेलवर भागत नाही. मुलीला वगळताय, नक्की ना, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नक्की. तिला सहीला बोलवायचंय.

दुसरी सही होईपर्यंत या कागदाला काडीची किंमत नाही. तो आज टपालात टाकतो आहे. येताना घेऊन ये.

ठिकाण: रेडमंड, आपलं स्वयंपाकघर

लिहून ठेवणार: गुरुदत्त माधव ठोंबरे (सही)

साक्षीदार पहिला: अमेय देवपुजारी, शेजारी (सही)

साक्षीदार दुसरी: वल्लरी गुरुदत्त ठोंबरे

तारीख: तू येशील ती