ताटाएवढी तबकडी

विश्रांतवाडी,
४ ऑगस्ट २०२४

चि. शंभू,

अक्काचा आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझी पाठ कशी आहे ते कळव, नुसतं 'मजेत' लिहू नकोस, तिथे कोणी मजेत नसतं. हे पत्र तुझ्याआधी तिथले साहेब वाचणार, तेव्हा त्यांनाही नमस्कार.

दर मुलाखतीला काचेपलीकडून तू एकच विचारतोस, म्हणून तेच आधी लिहिते. मशीन मिळालं. जुन्या बाजारात एकाकडे प्रेशर कुकरच्या ढिगाखाली पडलं होतं. तो म्हणाला, "व्हीसीआर आहे मावशी, मोठ्या कॅसेटचा." मी म्हटलं, हो का, आणि गुपचूप उचललं. याला लेसरडिस्क प्लेअर म्हणतात, हा तबकडीवरचा सिनेमा टीव्हीवर दाखवतो, हे सांगितलं असतं तर त्यानं भाव लगेच वाढवला असता. कुठल्यातरी बंद पडलेल्या हॉटेलातलं आहे, लोक पडद्यावर बघून गाणी म्हणायचे तिथलं. आत झुरळं आणि तेलकट धूळ.

तबकडी तात्यांच्या कंपनीतल्या गेनबाकाकांनी दिली. कंपनी बंद झाली तेव्हा ट्रेनिंग रूमच्या भंगारातून त्यांनी ती आणली आणि आरसा म्हणून भिंतीला लावली. ताटाएवढी आहे, चकचकीत. देताना म्हणाले, "तुझा बा हाय म्हनं हिच्यात. इतकी वर्सं रोज दाढी केली हिच्यापुढं, पर मला काय दिसला न्हाय."

वकीलबाईंना मी स्पष्ट विचारलं, याचा अपिलात उपयोग आहे का? त्या म्हणाल्या, असला तर शिक्षा कमी व्हायला थोडा. तुझं म्हणणं तर ठाम आहे. तात्या गेले त्याच्या थोडं आधी बाहेरच्या देशातल्या लोकांनी कंपनीच्या शॉपमध्ये हे शूटिंग केलं, आणि त्यात जयसिंग फोरमन पत्रे कापायच्या प्रेसच्या बटणात पाचर ठोकताना दिसणारच. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो. एकात पाचर ठोकली की एक हात मोकळा राहतो, माल जास्त निघतो, आणि तो मोकळा हात कधीतरी आत जातो. तात्यांचा गेला, आणि त्यातच तेही गेले. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आईच्या तोंडून. मग तीस वर्षांनी धानोरीच्या चहाच्या टपरीवर जयसिंग तुला भेटला आणि पुढचं झालं.

आई भेटायला का येत नाही, असं पुन्हा विचारलंस. गुडघे दुखतात म्हणते. आळंदी रोडवरून रिक्षानं येरवडा किती लांब आहे, ते तुलाही माहीत आहे आणि तिलाही. मी भांडून थकले.

आई आशीर्वाद सांगते आहे.

तुझी,
अक्का


विश्रांतवाडी,
१ सप्टेंबर २०२४

चि. शंभू,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गणपतीचे दिवस जवळ आले, या वर्षी दीड दिवसाचाच बसवणार. आईला झेपत नाही.

मशीन चालू होत नव्हतं. नारायण पेठेत परचुरे म्हणून एक गृहस्थ आहेत, जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात आणि गिऱ्हाइकाचा अपमान फुकट करतात. मशीन टेबलावर ठेवलं तर म्हणाले, "दुरुस्तीला आणलंय की दहाव्याला?" मी म्हटलं, कंपनीत वीस वर्षं सोल्डरिंग केलंय, काम मी करते, तुम्ही फक्त सांगा. मग जरा नरमले. म्हणाले, "बसा. चहा मिळणार नाही."

तबकडी आत घेणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. बोटांचं ते काळं अजून निघालेलं नाही. ज्या दांड्यांवरून लेसरचं भिंग सरकतं, तिथलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. त्यावर कोणीतरी शहाण्यानं शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं आणि ते भिंगावर उतरलं होतं. सगळं पुसलं, कपॅसिटर बदलले, पट्टा नवा घातला. सहा रविवारचं काम म्हणून परचुऱ्यांनी सांगितलं होतं, पण मी रोज संध्याकाळी जाऊन बसते. घरी बसलं की आई भिंतीकडे बघत असते.

एक सांगू? मशीन सुरू व्हावं असं मला तुझ्यासाठी वाटत नव्हतं. तात्यांसाठी वाटत होतं. आपल्याकडे त्यांचा एकच फोटो, तोही लग्नातला, मुंडावळ्यांत अर्धा चेहरा झाकलेला. ते चालायचे कसे, हसायचे कसे, मला आठवत नाही. तू तर सहा वर्षांचा होतास.

काल पहिल्यांदा तबकडी फिरली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. परचुरे म्हणाले, तबकडी आतून सडते, दोन थरांमधला गोंद हवा घेतो, त्याला इलाज नाही. पण एक-दोन ठिकाणी माणसांच्या आकृत्या हलल्या. सांभाळून राहा. तू लिहिलंस, 'मला झोप छान लागते, बापाचं ऋण फेडलं.' असलं पुन्हा लिहू नकोस. मला वाचवत नाही.

आई आशीर्वाद सांगते.

अक्का


विश्रांतवाडी,
२२ सप्टेंबर २०२४

चि. शंभू,

आशीर्वाद. गणपती नीट झाले. तुझ्या वाटणीचे मोदक गेनबाकाकांना दिले, त्यांनी तुझी आठवण काढली. पाणी एक दिवसाआड येतंय. समोरच्यांनी मजला चढवला, आता आपल्या खिडकीत ऊन येत नाही.

मशीन आता घरी आहे, टीव्हीला जोडलेलं. चित्र पुष्कळ सुधारलं. भिंगाचा कोन जरासा चुकला होता, तो लावल्यावर मुंग्या विरळ झाल्या. परचुऱ्यांनी पेनड्राइव्हवर उतरवूनही दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "मी काय केलं? तुम्हीच केलंत. जा आता." तबकडी मात्र आणखी सडणार, असं म्हणाले.

दुसरं काय लिहू? घर रंगवायचं आहे.

शंभू, तात्या दिसले. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, तुझ्यासारखे कान. चालताना डावा खांदा खाली सोडतात. तूही सोडतोस, आणि मी इतकी वर्षं तुला त्यावरून रागवत आले.

जयसिंगही दिसला. तरुण, मिशी काळीभोर. तो पाचर ठोकत नाही, शंभू. तो काढतो.

तो भाग असा आहे. इंग्रजीत बाई सांगते, अशी चूक करू नका. तात्या खिशातून लाकडाचा तुकडा काढतात, एका बटणात ठोकतात, आणि एका हातानं पत्रे आत सरकवायला लागतात. भराभर, सफाईनं. मग जयसिंग येतो, प्रेस थांबवतो, पाचर उपटून काढतो आणि बोट उगारून बोलतो. तात्या हसतात. ते हसू मी परतपरत पाहिलं.

मी स्वतःची समजूत काढली, हे नाटक आहे. शूटिंगवाल्यांनी सांगितलं, यांनी केलं. तुला असंच कळवणार होते, की यात काही नाही, तबकडी सडलेली आहे. पण आई मागे पाट घेऊन बसली होती. इतका वेळ पदरानं डोळे पुसत होती. जयसिंगनं पाचर कॅमेऱ्यासमोर धरली तशी ती उठून टीव्हीपाशी गेली आणि तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्ये माझं लाटनं हाय," म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तुकड्याच्या टोकाचा हिरवा रंग दिसला. खेड शिवापूरच्या जत्रेतलं ते हिरव्या मुठीचं लाटणं. त्या वर्षी आई काचेच्या बाटलीनं पोळ्या लाटायची, आठवतं? तू बाटलीला हसायचास.

मी विचारलं, तात्यांनी मोडलं? ती म्हणाली, "त्यांनी मागितलं. रोजची पाचर जयशिंग काढून फेकतोय म्हनले, चांगल्या लाकडाची दे. मीच इळीवर तासून दिली. बेताची, बटनात घट्ट बसंल अशी."

मग म्हणाली, "मानसं दारात हुबी होती. कसं झालं, कसं झालं, समद्ये इचारत हुते. माझ्या तोंडात जयशिंगचं नाव आलं. शंभू माझ्या मांडीवर हुता. एकदा बोलले ते बोलले."

मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की समोरचे गॅलरीत आले. तुझा मुलगा त्या नावावर आत गेला, एका माणसाचा जीव गेला, आणि तू गुडघे दुखतात म्हणून बसलीस! ओरडून झाल्यावर मी तिला जेवायला वाढलं. दुसरं काय करणार होते?

आतापर्यंत मी तुला 'झालं', 'घडलं' असं लिहीत आले. तू जयसिंगला लोखंडी स्टुलानं मारलंस. तो म्हातारा तुला ओळखून उठला होता, "तुझ्या बापाला मी लई सांगितलं होतं रे," असं म्हणाला होता. टपरीवाल्यानं कोर्टात तसंच सांगितलं. आपण सगळ्यांनी त्याला खोटा म्हटलं.

पेनड्राइव्ह वकीलबाईंना द्यायचा की नाही, ते तू ठरव. अपील तुझं आहे. पण जयसिंगची मुलगी सलोनी, कोर्टात रोज शेवटच्या बाकावर बसायची ती, तिला मी हे दाखवणार. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. तिच्या बापाला आपण गल्लीभर खुनी म्हटलं. तो पाचर उपटतो, तेवढं तिनं बघायला हवं.

तुला झोप लागणार नाही हे मला माहीत आहे. मलाही लागत नाही. तरीही तू माझाच भाऊ आहेस आणि पुढच्या मुलाखतीला मी येणार आहे.

पत्र संपवताना नेहमीसारखं आईला विचारलं, तुझे आशीर्वाद लिहू ना? ती नको म्हणाली. म्हणाली, "आशीर्वाद नगं. त्येला इचार, म्या आले तर चालंल का?"

उत्तर तिच्या नावानं पाठव.

तुझी,
अक्का