माडावरची चक्कर

३ नोव्हेंबर, सोमवार
मेलो असतो आज! राधाबाईंच्या परसातला उंच माड. वर पोचलो, कोयता काढला आणि सगळं फिरलं — झावळं, आभाळ, खालची विहीर. खोडाला मिठी मारून डोळे मिटले. किती वेळ, ठाऊक नाही. कसाबसा उतरलो आणि ओकलो.
राधाबाई ओरडल्या, "सकाळीच घेतलंस काय रे सुदेश? माझ्या माडावरसून पडान मरशीत!"
आयुष्यात थेंब घेतलेला नाही मी. गणपतीपासूनची ही चौथी चक्कर.

५ नोव्हेंबर
गावातले डॉक्टर म्हणाले, पित्त. गोळ्या दिल्या.

९ नोव्हेंबर
गोळ्या संपल्या. आज जमिनीवरच, उभ्या उभ्या फिरलं. तासभर भिंत धरून बसलो.
मी पितो अशी वाडीत बोलवा झालीय. तीन घरांनी नारळ काढायला दुसऱ्याला बोलावलं. वीस वर्षं हेच करतोय. दुसरं मला येतं काय?

१४ नोव्हेंबर
आज बायकोने माझं तोंड हुंगलं. उर्वशीने!
"वास नाय," म्हणाली. मग जास्तच घाबरली. "मगे ह्या तुमका होता तरी काय? वरसून पडलात तर मी खंय जाव?"
ओरडलो तिच्यावर.

१७ नोव्हेंबर
उर्वशीने कुडाळला नेलंच. कानाच्या डॉक्टरीणबाई. खाटेवर आडवं पाडून मान इकडेतिकडे फिरवली, डोळे पाहिले. "कुशीवर वळताना येणारी साधी चक्कर मिनिटभरात जाते. तुमची तशी वाटत नाही. कानाला कमी ऐकू येतं? कानात आवाज?"
"नाही," म्हटलं.
"एका कानाचं ऐकणं कमी झालं तर लगेच या. बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले, तोंड-हात बधिर झाले, चालता येईना — तर तासभरही थांबू नका. सरळ हॉस्पिटल. आणि माडावर चढू नका."
खोटं बोललो. डाव्या कानात चार महिने शिट्टी वाजतेय. सांगितलं तर चढणं कायमचं बंद!

२० नोव्हेंबर
चढलो. लहान माड होता. उतरताना खोडाला चिकटूनच आलो. देवा!

२२ नोव्हेंबर
बहिणीचा फोन. डाव्या कानाला लावला, काहीच नाही. "हॅलो! हॅलो!" ओरडत राहिलो.
उर्वशी चुलीपाशी होती. "अवो, सीता बोलता हा मा! माका हयसून ऐकाक येता!"
फोन हातातून पडला. तिला सगळं सांगितलं. कान, शिट्टी, चार महिने.
"डॉक्टरणीक नाय कित्याक सांगितलात?"
"मग खाऊ काय आपण?"
तिने फोन उचलून ठेवला. मग म्हणाली, "तुमी नसलात तर मी काय खाव?"

२४ नोव्हेंबर
परत कुडाळ. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ऐकण्याची तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेलाय. डोक्याचा एमआरआय काढायला लिहून दिलं.

२९ नोव्हेंबर
एमआरआय झाला. रिपोर्ट नाही. बसल्या जागी दोनदा फिरलं. ताट समोर तसंच आहे. मेंदूत काय असेल? काय असेल?

४ डिसेंबर
गाठ आहे. ऐकण्याच्या नसेवर. कर्करोग नाही. पण वाढू दिली असती तर मेंदूवर दाब आला असता. ऑपरेशन गोव्याला. "डावा कान परत येणार नाही, तुम्ही मात्र याल," असं बाई म्हणाल्या.
उर्वशी दवाखान्यातच फरशीवर बसून रडली.
येताना एसटीत, तिच्या खांद्यावर, मला गाढ झोप लागली.